जिन्याखालची बरणी

ज्या बाईने पंचाहत्तर वर्षांत दारूचा थेंब जिभेला लावला नाही, तिने रमच्या पेल्याची कृती लिहायला बसावे, हे वाचून आमच्या पुण्याच्या वन्सं कपाळाला हात लावतील. लावोत बापड्या! मी जे केले ते उघड केले, आणि का केले तेही सांगणार आहे. कृती मात्र शेवटी देईन. कारण ही कृती सिद्धीस जायला एक वर्ष लागते, आणि त्या वर्षात काय घडले ते कळल्याशिवाय तिचे प्रमाण कळायचे नाही.

आम्ही १९७६ सालापासून इंग्लंडात, यॉर्कशर परगण्यात, वेकफील्डजवळच्या एका लहान गावी राहतो. ‘हे’ भूल देणारे डॉक्टर. आता निवृत्त झाले आहेत, आणि रोज दुपारी दोन ते चार स्वतःलाच भूल देतात. आमच्या भिंतीला भिंत लागून एक निवृत्त खलाशी राहतात. ऐन तारुण्यात ब्रिटिश नौदलात होते, नंतर परत येऊन त्यांनी सुतारकी केली आणि परसात मधमाश्या पाळल्या. बारा-तेरा वर्षांपूर्वी त्यांची बायको गेली. त्याच वर्षी पुण्याला माझा एकुलता एक भाऊ गेला. त्या वर्षीच्या भाऊबीजेला मी तबक तयार करून बसले आणि ओवाळायचे कुणाला, हे आठवून मला रडू कोसळले. ‘हे’ उठले, शेजारी गेले आणि त्या गृहस्थांना हाताला धरून घेऊन आले.

काय चालले आहे ते त्यांना धड कळले नाही. पण ताटात काहीतरी घालायचे असते एवढे त्यांच्या लक्षात आले. पाकीट तर घरी राहिलेले! ते तसेच मागच्या दाराने गेले आणि मधाची बरणी घेऊन आले. तेव्हापासून दर भाऊबीजेला माझ्या तबकात मधाची एक बरणी पडत आली. त्यांना मी ‘दादा’ म्हणते. इंग्रजीत तू आणि तुम्ही असा भेद नाही. पण त्या दिवसापासून मी मनातल्या मनात त्यांचे बोलणे ‘तू’मध्ये ऐकते.

हा मध साधासुधा नव्हे. ऑगस्ट महिन्यात इकडची माळराने हेदरच्या फुलांनी जांभळी होतात, तेव्हा मधमाश्या पाळणारे लोक पेट्या गाडीत घालून माळावर नेऊन ठेवतात. आपल्याकडे धनगर मेंढरे चारायला नेतात ना, तसेच. हेदरचा मध खरवसासारखा थिजलेला असतो. ढवळला की पातळ होतो आणि ठेवला की पुन्हा थिजतो, त्यामुळे पोळ्यातून तो पिळूनच काढावा लागतो. महाबळेश्वरचा जांभळाचा मध खाऊन वाढलेली मी; पण हा मध मला आवडू लागला. दोन्हींत ती एक किंचित कडसर चव आहे.

२०२३च्या सप्टेंबरात दादा आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसले आणि दोन्ही हात त्यांनी टेबलावर ठेवले. हात कापत होते. मधपेटीचा भरलेला एक मजला बारा-तेरा किलोंचा असतो. तो उचलणे आता जमत नव्हते. पेट्या त्यांनी गावातल्या एका तरुण जोडप्याला देऊन टाकल्या होत्या. शेवटचा मध तेवढा उरला होता.

“याचं मी मीड घालणार आहे,” ते म्हणाले. “पण घालायला हात नाहीत, आणि माझं घर थंड असतं. तुझ्या जिन्याखालच्या कपाटात गरम पाण्याचा नळ जातो. वर्षभर बरणी तिथं राहू दे. पुढच्या दिवाळीत मला तुझ्या हातचा एक पेला दे. त्यात रम घाल. मग मी काही मागणार नाही.”

मीड म्हणजे मधाची दारू. मी काहीच बोलले नाही. चहा ओतला आणि विषय बदलला.

याचे कारण माझे धाकटे काका. ते पेटी फार सुरेख वाजवीत. दिवसा कचेरीत कारकुनी आणि रात्री कुणाच्या ना कुणाच्या गाण्याला साथ. तेव्हा मुंबई राज्यात १९४९च्या कायद्याने दारूबंदी झालेली होती, आणि दारूबंदी होती म्हणून नवसागराची हातभट्टीही होती. काका कुठे जातात हे घरात सर्वांना ठाऊक होते. पण बोलत कुणीच नव्हते. काकूच्या पाटल्या गेल्या, मग पेटी गेली. १९६२ साली काका गेले. मी तेरा वर्षांची होते. तेराव्याचे पाहुणे पांगल्यावर वडिलांनी आम्हा मुलांना समोर बसवले आणि एकच वाक्य उच्चारले, “आपल्या घरात बाटली येणार नाही.” शपथ घातली नाही, आवाज चढवला नाही. पण ते वाक्य मी पुण्याहून लग्नात आणि लग्नातून इंग्लंडात घेऊन आले. ‘यां’नीही ते निमूटपणे पाळले. इस्पितळाच्या मेजवान्यांतून अठ्ठेचाळीस वर्षे त्यांनी संत्र्याचा रस प्यायला आहे.

रात्री मी ‘यां’ना विचारले. ते म्हणाले, “बाटली येणार नाही म्हणाले ना? ही तर बरणी आहे.”

डॉक्टरांचे विनोद असेच असतात. मी तीन रात्री झोपले नाही. चौथ्या दिवशी त्या कापऱ्या हातांनी दादा कुंपणापाशी रिकामी पेटी धूत होते, ते मला खिडकीतून दिसले. मी बाहेर गेले आणि म्हटले, “आणा बरणी. पण मी चाखणार नाही.”

इथे कायद्याचेही सांगून ठेवते. इंग्लंडात घरच्यापुरती, विकायची नाही अशी वाइन किंवा मीड करायला मुभा आहे. रमसारखे ऊर्ध्वपातनाचे मद्य मात्र घरी गाळता येत नाही. महाराष्ट्रात तर परवान्याशिवाय मीडसुद्धा घरी करणे गुन्हा आहे. पुणे-नाशिककडे अलीकडे परवाना घेऊन मीड करणारे कारखाने निघाले आहेत, हौशी मंडळींनी तिकडची आणावी. माझ्या नावावर कुणी जिन्याखाली बरणी ठेवू नये.

मीड घालायला दादा खुर्चीवर बसले आणि मी ओट्याशी उभी राहिले. त्यांनी पहिली सूचना दिली ती स्वच्छतेची. बरणी, नळी, नरसाळे, चमचा, सगळे जंतुनाशकाच्या पाण्यातून काढायचे, पुसायचे नाही, आणि मग कशालाही शिवायचे नाही. ते हे समजावून सांगू लागले तेव्हा मला हसू आले. म्हटले, “दादा, याला आमच्यात सोवळं म्हणतात. आणि लोणच्याच्या बरणीला ओला चमचा लावला तर काय होतं, हे मला सातव्या वर्षापासून ठाऊक आहे.”

साडेचार लिटरांच्या, चिंचोळ्या गळ्याच्या काचेच्या बरणीला दीड किलो मध. तो कोमट पाण्यात विरघळवायचा. मधात मुळात पाणी इतके कमी असते की त्यात काही आंबू शकत नाही, म्हणून तर मध वर्षानुवर्षे टिकतो. त्यात पाणी घातले की मात्र यीस्टचे फावते. पण नुसत्या मधावर यीस्टचे पोट भरत नाही. साखर भरपूर, बाकी पोषण तुटपुंजे. म्हणून त्याला वेगळे खाद्य द्यावे लागते. ते चिमूटभर, पेलाभर कडक चहा तुरटपणासाठी, एका लिंबाचा रस, आणि थंड झाल्यावर यीस्टची पुडी. बरणीच्या तोंडाला बूच, आणि बुचातून एक वळणदार नळी, तिच्यात थोडे पाणी. आतला वायू बुडबुड्यांनी बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही. घनता मोजायची काचेची नळी दादांनी त्यात सोडली. आकडा १.१०० च्या जरा खाली आला. “हा एकच्या आसपास उतरला की समजायचं, साखर संपली आणि दारू झाली,” ते म्हणाले.

मी त्यांना म्हटले, “तुमचं मीड आणि आमचं मधु, शब्द एकच बरं का.” हे मी बी.ए.ला संस्कृत घेतले होते त्याच्या जोरावर. भाषाशास्त्रज्ञ हे दोन्ही शब्द एकाच मुळातले मानतात. दादा खूष झाले. म्हणाले, “म्हणजे वस्तू तुझ्याच घरची आहे. मी फक्त परत करतोय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याखालून आवाज आला, गुडुक्. थोड्या वेळाने पुन्हा, गुडुक्. आठवड्याभरात त्याची लय इतकी वाढली की कपाटात कुणी मूल गुळण्या करते आहे असे वाटावे. त्यातच महाराष्ट्र मंडळातल्या आमच्या बायकांची भिशी माझ्याकडे होती. बटाटेवडे झाले, चहा झाला, आणि ऐन शांततेच्या क्षणी, गुडुक्. “हे काय हो?” एकीने विचारले. “नळात हवा अडकते,” मी म्हटले. पाच मिनिटांनी पुन्हा गुडुक्. “चांगला प्लंबर आहे माझ्याकडे,” दुसरी म्हणाली, आणि तिने मला त्याचा नंबर लिहूनही दिला. मंडळी गेल्यावर माझे मलाच वाईट वाटले. बरणीचे नव्हे, खोटे बोलल्याचे. आमच्या घरात काकांबद्दल विचारायला कुणी आले की आई अशीच काहीतरी नळाबिळाची गोष्ट सांगत असे.

जानेवारीत आवाज थांबला. गॅसची बिले पाहून ‘यां’नी घर तापवणे निम्म्यावर आणले होते आणि जिन्याखाली गारठा शिरला होता. दादांना विचारावे तर ते छातीच्या दुखण्याने इस्पितळात. मी घनता मोजली. आकडा मध्येच अडकलेला. रात्री अकरा वाजता मी काही सुचेना म्हणून माळ्यावरची ट्रंक उघडली, हाताला आली ती गोधडी काढली आणि बरणीभोवती गुंडाळली. शेजारी गरम पाण्याच्या दोन पिशव्या ठेवल्या. डोसाचे पीठ थंडीत फुगत नाही तेव्हा आपण काय करतो, तेच.

दिवा मालवायला वळले आणि माझे लक्ष गेले. ती आईने शिवलेली गोधडी. वरून तिच्या लुगड्यांचे तुकडे, आणि आत थर भरलेले वडिलांच्या जुन्या धोतरांचे. ज्या माणसाने घरात बाटली येणार नाही म्हटले, त्याच्या धोतरात मी मधाची दारू गुंडाळून ठेवली होती! हात पुढे झाला, पण गोधडी काढवेना. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून राहिले. वडील असते तर काय म्हणाले असते? रागावले असते, हे नक्की. आणि कापरे हात असलेला म्हातारा इस्पितळात आहे, त्याची ठेव थंडीने मरते आहे, असे सांगितले असते तर? मला वाटते, ते एक शब्दही न बोलता उठून गेले असते आणि दुसरी गोधडी घेऊन आले असते. काका शेवटी आजारी पडले तेव्हा रात्र रात्र त्यांच्या उशाशी बसणारे तेच होते.

तिसऱ्या दिवशी पहाटे चहा करायला उठले आणि ऐकले, गुडुक्. मी देवापुढे साखर ठेवली. कुठल्या देवापुढे कशाबद्दल, ते विचारू नका.

दादा फेब्रुवारीत घरी आले. तोवर यीस्टचा गाळ तळाशी बसू लागला होता, आणि वरचे निवळ मीड नळीने दुसऱ्या बरणीत ओढून घ्यायचे होते. पूर्वी ते नळी तोंडाने ओढून प्रवाह सुरू करीत. मी तसे करणार नव्हते; म्हणून नळी पाण्याने भरून घेतली, टोक चिमटीत धरले, खाली सोडले, आणि पाण्यामागोमाग मीड आले. दादा पाहत राहिले आणि एकदम म्हणाले, “तू नौदलात असतीस तर तुझ्या नावापुढे टी लिहिलं असतं.”

मग त्यांनी सांगितले. ब्रिटिश नौदलात खलाशांना रोज दुपारी बाराच्या सुमारास सरकारी रम मिळे. १७४० साली ॲडमिरल व्हर्नन यांनी ती पाण्यात मिसळून द्यायचा हुकूम काढला. अर्धा पिंट रमला दोन पिंट पाणी. त्यांचा अंगरखा ग्रोग्रॅम कापडाचा असे, त्यावरून त्या पाणचट रमला ग्रॉग नाव पडले. पुढे रमचे माप घटत घटत पिंटाच्या आठव्या हिश्शावर, म्हणजे सुमारे ७० मिलिलिटरांवर आले. जहाजावर याची वही असे. जो घेई त्याच्या नावापुढे जी. जो वीस वर्षांखालचा त्याच्यापुढे यू.ए.; आणि जो घेत नसे त्याच्या नावापुढे टी, टेंपरन्स. टीवाल्याला रमऐवजी दिवसाला तीन पेन्स मिळत. ३१ जुलै १९७० रोजी ही प्रथा बंद झाली. त्या दिवशी काही जहाजांवर खलाशांनी दंडाला काळ्या फिती बांधल्या आणि रमची लुटुपुटूची प्रेतयात्रा काढली. दादा तेव्हा सव्वीस वर्षांचे होते आणि त्या रांगेत उभे होते.

मी प्रथमच त्यांना काकांची गोष्ट सांगितली. शेवटी म्हटले, “आमच्या घरी वही नव्हती. अंधारात चालायचं सगळं. वही असती तर कदाचित...”

दादांनी मान हलवली. “वहीनं सगळे वाचतात असं नाही. माझा एक दोस्त होता. टीवाल्यांशी, आजाऱ्यांशी सौदे करून त्यांच्या वाटणीची रम प्यायचा. वहीत त्याच्या नावापुढे रोज एकच खूण. चाळिशीच्या आत गेला.” थोड्या वेळाने म्हणाले, “म्हणून मी एकटा पीत नाही. रविवारी दुपारी, कुणी समोर बसलेलं असेल तर, एक. बायको होती तोवर ती बसायची.”

बारा वर्षे शेजारी राहून मला हे ठाऊक नव्हते. या माणसाने बारा वर्षे रविवारी कुणी समोर नाही म्हणून पेला भरला नव्हता. आणि ज्या घरी तो पेला मागायला आला, त्या घरी कुणीच पीत नव्हते!

उन्हाळ्यात मीड निवळून सोन्यासारखे झाले. घनतेचा आकडा एकवर येऊन थांबला. आता प्रश्न पेल्याचा.

रम आणि मीड नुसते एकत्र ओतले तर ते दोन पैलवान एका खाटेवर निजवल्यासारखे होते. त्यांना सांभाळणारे आणखी काही हवे. दादा म्हणाले, “पंच कर.” हा पंच आपलाच. पुष्कळ कोशांत या इंग्रजी शब्दाचे मूळ आपले ‘पाच’ असे दिले आहे. सतराव्या शतकात हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर आलेल्या गोऱ्या व्यापाऱ्यांनी हे पेय उचलले, आणि १६३२ सालच्या इंग्रजी पत्रात त्याचे नाव सापडते. कडक, गोड, आंबट, पाणी आणि मसाला, असे पाच. म्हणजे पन्ह्यात दारू घातली की पंच झाला म्हणा ना!

कडक म्हणजे रम. ती मी दुकानातून गयानाची आणली; नौदलाच्या मिश्रणातही गयानाची रम असे. रम होते ती साखर काढल्यावर उरलेल्या मळीपासून. तिथल्या उसाच्या मळ्यांत आधी आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबले, आणि गुलामी गेल्यावर १८३८ पासून १९१७ पर्यंत आपल्या हिंदुस्थानातून करारावर नेलेले मजूर. बाटलीवरचे नाव वाचताना तेही मला आठवले. स्वस्तात झालेली वस्तू नव्हे ती. बाटली मी वर्तमानपत्रात गुंडाळून न आणता हातात धरून आणली.

गोड म्हणजे आपले मीड. आंबटाला लिंबू घ्यावे तर लिंबू स्पेनचे. दादांचा हट्ट, सगळे इथलेच हवे. मग मला आमच्या भागाचे अमसूल आठवले, ते म्हणजे रूबार्ब. वेकफील्ड, मॉर्ली, रॉथवेल या गावांच्या त्रिकोणात रूबार्ब पिकवतात, तो हिवाळ्यात अंधाऱ्या छपरांत वाढवून मेणबत्तीच्या उजेडात कापतात. उजेड जास्त झाला तर दांड्यांचा कोवळेपणा जातो. २०१० साली त्याला युरोपात भौगोलिक नावाचे संरक्षणही मिळाले. गुलाबी दांडे, चव कैरीसारखी आंबटढाण. पाने मात्र विषारी, ती कधीही वापरू नयेत. मी फेब्रुवारीतले दांडे कापून फ्रीजरमध्ये ठेवले होते. पाण्याच्या जागी कोरा गार चहा, आणि मसाल्यात जायफळ. चहा आणि जायफळ काही यॉर्कशरचे नव्हे. पण चहाला परका म्हणणारा यॉर्कशरचा माणूस मला अजून भेटायचा आहे.

राहिला प्रश्न चवीचा. मी चाखणार नव्हते. ‘हे’ म्हणाले, “मग प्रमाण कसं बसवणार?” मी म्हटले, “नैवेद्याचा स्वयंपाक कसा करते?” गणपतीच्या एकवीस मोदकांचे सारण, पंचामृत, अळूची भाजी, कशाचीच चव न घेता आजवर रांधत आले. डोळा मीठ ओळखतो, नाक हिंग ओळखते, आणि उरलेले देव सांभाळून घेतो. मी मधाच्या पाण्यात रूबार्बचा रस आणि चहा घालून आधी सरबत केले, ते आम्ही दोघांनी चाखून आंबट-गोड जमवले, आणि त्याच मापाने मधाच्या पाण्याऐवजी मीड घ्यायचे ठरवले.

२०२४ची भाऊबीज नेमकी रविवारी आली, ३ नोव्हेंबरला. दादांनी आपल्या डॉक्टरांना विचारून एका लहान पेल्याची परवानगी काढली होती. दुपारी बाराला ते कोट-टाय घालून आले. खिशातून तांब्याचे एक जुने माप काढून त्यांनी ओट्यावर ठेवले. मी ते बाजूला सारले आणि माझे औषधाचे माप घेतले. पंचवीस मिलिलिटर रम. “एवढीच?” त्यांनी विचारले. “जहाज माझं आहे,” मी म्हटले.

पाटावर बसवले, ओवाळले, आणि मग पेला हाती दिला. आम्ही दोघे समोर रूबार्बचे सरबत घेऊन बसलो. त्यांनी एक घोट घेतला, डोळे मिटले, आणि त्यांचे सगळे तोंड कच्ची चिंच खाल्ल्यासारखे आक्रसले.

माझी चूक माझ्या लगेच ध्यानात आली. सरबतात मध होता. मीडमधला मध तर यीस्टने केव्हाच खाऊन टाकला होता. आकडा एकवर उतरला याचा अर्थ गोडी संपली, हे मला स्वतः दादांनी शिकवले होते, आणि तरी मी गोडाच्या जागी ते धरून चालले! मी उठले, फळीवरची गेल्या वर्षीच्या ओवाळणीची बरणी काढली, एक चमचा मध पेल्यात ढवळला आणि वर जायफळ किसले. दुसरा घोट त्यांनी सावकाश घेतला. मी सवयीने विचारले, “मीठ बरोबर आहे ना?”

दादा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग एक तास तो पेला त्यांनी पुरवला. बायकोच्या गोष्टी सांगितल्या, त्या दोस्ताच्या सांगितल्या. काकांची पेटी कशी वाजे ते मी सांगितले. साठ वर्षांत मी काकांच्या वाजवण्याविषयी कुणाशी बोलले नव्हते, नेहमी त्यांच्या मरणाविषयीच. दादांनी दुसरा पेला मागितला नाही.

आता कबूल केल्याप्रमाणे कृती. एका पेल्याला गडद रम २५ मिलिलिटर, मीड ७५, रूबार्बचा रस २० (दांड्यांचे तुकडे अगदी थोड्या पाण्यात शिजवून गाळलेला), कोरा गार चहा ७५, आणि मध एक चमचा, विसरू नये! मध आधी चहा कोमट असताना त्यात विरघळवावा. सगळे ढवळून गार करावे, वर जायफळ किसावे. घेणाऱ्याने एक घ्यावा, समोर कुणीतरी बसलेले असावे. न घेणाऱ्यांना रम आणि मीड वगळून तितकेच मधाचे पाणी घालावे. आमच्या नातवंडांना तेच आवडते.

जायच्या वेळी दादा दारात थांबले. “या वर्षी मध नाही,” ते म्हणाले. “मधमाश्याच नाहीत.” मी म्हटले, त्याचे काय एवढे. पण त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून काहीतरी काढले आणि मला तबक पुढे करायला लावले. बारा कोनी, पिवळसर, झिजलेले एक नाणे तबकात पडले. तीन पेन्सचे. १९७१ साली चलनातून गेलेले.

“टीवाल्यांचा एका दिवसाचा भत्ता,” ते म्हणाले. “हिशेब चोख असलेला बरा.”

उरलेल्या मीडच्या सहा बाटल्या भरून मी दुसऱ्याच दिवशी त्यांच्या घरी पोचवल्या. वडिलांचे वाक्य माझ्यापुरते अजून चालू आहे. रिकामी बरणी धुऊन जिन्याखाली ठेवली आहे आणि गोधडी पुन्हा ट्रंकेत गेली आहे. रविवारी दुपारी बाराला मात्र मी हातातले काम टाकते, चहाचा कप घेते, आणि शेजारी जाऊन समोर बसते.